काट्याची फाईल

इमारतीची पाण्याची टाकी धुऊन घ्यावी, असं एक पत्र लिहायचं होतं. जेमतेम बारा ओळींचं. त्या बारा ओळींपायी मावशीनं नवऱ्याचं तीन वर्षांचं काम पुसून टाकलं. ते तिच्या लक्षात आलं तेव्हा छापलेलं पत्र अजून हाताला कोमट लागत होतं.

मावशी तशी एका भाचीचीच मावशी. पण मजल्यावरच्या सगळ्यांनी ती हाक उचलली होती, तेव्हा आपणही तिला मावशीच म्हणू आणि तिच्या नवऱ्याला काका. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिनं एकतीस वर्षं काढली होती. काका प्रयोगशाळांमधले काटे दुरुस्त करायचे. काटा म्हणजे काचेच्या पेटीत ठेवलेला नाजूक तराजू, ज्याला मिठाचा एखादा कणही जाणवतो. आता सगळीकडे विजेवरचे काटे आले आणि काकांचा धंदा त्यांच्याबरोबर निवृत्त झाला. पण एका तंत्रशाळेतल्या बाईंना वाटत होतं की वजन करणं म्हणजे काय हे मुलांना जुन्या काट्यावरच कळेल. त्यांनी काकांना म्हटलं, तुम्हाला येतं ते सगळं लिहून द्या. काकांचा उजवा हात हल्ली थरथरायचा, म्हणून त्यांनी डाव्या हाताच्या एका बोटानं तीन वर्षं टाइप केलं. पुरं झाल्याशिवाय मावशीलाही वाचायची परवानगी नव्हती. सोमवारी बाई फाईल न्यायला येणार होत्या. आज शुक्रवार होता.

त्या फाईलची दुसरी प्रत नव्हती, याला कारणही मावशीच. या घरात कुठल्याच फाईलची प्रत नसे. प्रयोगशाळेत नोंदवही एकच असते, आणि जो खणात दुसरी ठेवतो तो काहीतरी लपवत असतो, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. एका गोष्टीच्या दोन नोंदी झाल्या की त्या एकमेकींना खोटं पाडायला लागतात, असं ती म्हणे. भाची तिला चिडवायची, "मावशी, हा घरातला संगणक आहे, कोर्ट नाही." मावशी ऐकून घ्यायची आणि प्रत करायची नाही.

दुसरं कारण त्याहून साधं. काकांच्या डोळ्यांसाठी भाचीनं त्या एका फाईलमध्ये अक्षरं मोठी केली होती आणि समास रुंद करून दिले होते. ते पुन्हा नव्यानं कसं करायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मग घरातलं कुठलंही पत्र लिहायचं झालं की काट्याची फाईल उघडायची, आतलं सगळं पुसायचं, त्या रिकाम्या पानावर पत्र लिहायचं आणि नवं नाव देऊन ठेवायचं. मूळ फाईल जिथल्या तिथे सुखरूप राहायची. असं त्यांनी तीस-चाळीस वेळा केलं असेल. लग्नघरातली मोठी परात रिकामी करून तिच्यात बाळाला आंघोळ घालण्यासारखं हे आहे, असं भाची एकदा म्हणाली होती. तेही दोघांनी हसून सोडून दिलं होतं.

आज शेवटची ओळ लिहिताना फोन वाजला. काका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. "थेंब घातलेत," ते सांगत होते, "बाहुल्या मोठ्या होईपर्यंत इथेच बसायचंय. समोर एक गृहस्थ आहेत, त्यांना पण घातलेत. आम्ही एकमेकांकडे बघून हसतोय, दिसत काहीच नाही." मावशीही हसली, आणि हसता हसता तिच्या बोटांनी पत्र सेव्ह केलं. नवं नाव न देता. मग तिनं पत्र छापलं, फाईल बंद केली, आणि सहज यादीकडे पाहिलं. ‘टाकी’ नावाची फाईल कुठेच नव्हती. तिनं ‘काटा’ उघडली. आत बारा ओळी होत्या.

तिनं आरडाओरडा केला नाही. प्रयोगशाळेत काही सांडलं तर आधी दोन्ही हात मागे घ्यायचे असतात. तिनं हात मागे घेतले आणि मग भाचीला फोन लावला.

"बारके, कामात आहेस?"

"छापखान्यात आहे म्हणजे कामातच असणार. बोल."

"काकांची फाईल गेली. मी घालवली."

पलीकडे यंत्राची धडधड तेवढी ऐकू येत होती. "काट्याची?"

"हो."

"प्रत... जाऊ दे, विचारतच नाही. मावशी, आता नीट ऐक. त्या संगणकावर काहीही लिहू नकोस, काही उघडू नकोस. गेलेली फाईल परत आणायची जादू इंटरनेटवर शोधत बसू नकोस. बंदसुद्धा करू नकोस, बंद होतानाही तो इकडचं तिकडे करतो. मी येते."

"मी हात मांडीवर ठेवलेत."

"तसेच ठेव."

बारकी भावंडांत सगळ्यात लहान होती म्हणून बारकी. आता ती घरातल्या दारांखालून मान वाकवून जाण्याइतकी उंच होती. छापखान्यात ती संगणकावर पुस्तकांची पानं लावायची, आणि हरवलेलं लिखाण शोधून देणं हे तिचं न सांगितलेलं दुसरं काम होतं. पाठीवरची पिशवी न उतरवताच ती संगणकापुढे बसली.

"आधीच्या खेपा आपोआप ठेवायची सोय असते याच्यात. ती कुणी बंद केली?"

"मी," मावशी म्हणाली. "एकाच फाईलच्या पाच-पाच खेपा ठेवत होता. वर मलाच विचारायचा, यातली कुठली हवी."

बारकीनं तिच्याकडे पाहिलं, ओठ मिटून घेतले, आणि संगणकाची तार सरळ भिंतीतून उपसली. मग मागचे स्क्रू काढून डिस्क बाहेर काढली. एखाद्या वहीएवढीही नव्हती ती.

"आता हिला फक्त वाचायचं," तिनं डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला जोडत सांगितलं. "हिच्यावर एक अक्षर लिहायचं नाही. हे बघ, तू सेव्ह केलंस तेव्हा त्यानं जुन्या मजकुरावर नवा लिहिला असं नसतं नेहमी. बरेचदा नवा मजकूर तो दुसऱ्या मोकळ्या जागेत ठेवतो, आणि ‘काटा’ हे नाव जुन्या जागेवरून काढून नव्या जागेला लावतो. जुनं तिथेच पडून असतं. बेवारस."

"म्हणजे बाटलीवरचं लेबल काढलंय. आतलं द्रावण आत आहे."

"जोवर कुणी ती बाटली मोकळी समजून दुसरं काही ओतत नाही तोवर."

"आणि मी ओतलं असेल तर?"

"ते दोन-अडीच तासांनी कळेल. सगळ्या बाटल्या हुंगत जायचंय याला." पडद्यावर एक निळी पट्टी सुरू झाली. एक टक्का.

सहा टक्के झाले असताना काका आले. डोळ्यांवर काळा चष्मा, एक हात भिंतीला धरून. बारकी मावशीला डोळ्यांनी खुणावत होती, जरा थांब, आधी बघू तरी. पण मावशीनं त्यांना चप्पल काढायलाही वेळ दिला नाही.

"अहो, तुमची फाईल माझ्या हातून गेली. पत्र लिहिताना तिच्यावरच सेव्ह केलं. बारकी शोधतेय. मिळेलच असं नाही."

काका दारातच उभे राहिले. मग चाचपडत खुर्चीपर्यंत गेले आणि बसले.

"कसलं पत्र?"

"टाकी धुण्याचं."

"टाकी धुवायलाच हवी होती," काका म्हणाले. मग त्यांनी डावा हात उचलून मधलं बोट दुमडून पाहिलं, पुन्हा सरळ केलं. "तीन वर्षं. याला आता घट्टा पडलाय."

मावशीला वाटत होतं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणं निदान संपतं.

"काका, तोंड पाडू नका," बारकी म्हणाली. "डिस्क जुन्या पद्धतीची आहे, फार भरलेली पण नाही. माझा अंदाज बरा आहे. एका लेखकाची तर मी सहा महिन्यांपूर्वीची खेप काढून दिली होती. त्यानं स्वतः रागानं काढून टाकलेली प्रकरणं पण आली परत."

"काढून टाकलेलीही येतात?" काकांनी विचारलं.

"सापडेल ते सगळं येतं. हा काय विचारून आणतोय थोडंच."

काकांनी काळा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सोमवारच्या बाईंना मी फोन करतो," ते म्हणाले. "म्हणतो, उशीर होईल. इतकी धावपळ नको करायला. मी पुन्हा लिहीन."

"पुन्हा?" मावशी म्हणाली. "एका बोटानं?"

"आता सवय झालीय."

ते तिला विचित्र वाटलं. हा माणूस हरवलेल्या एका स्क्रूसाठी अख्खी चटई झटकणारा. पण आपल्या मनाला लागू नये म्हणून म्हणत असतील, अशी तिनं समजूत घातली, आणि त्यानं तिला अजूनच अपराधी वाटलं.

अडीचाचे साडेतीन तास झाले. पट्टी संपली तेव्हा पडद्यावर सदतीस फाईलींची यादी होती. नावं सगळ्यांची गेली होती. होते ते नुसते आकडे.

"आता यातलं तुमचं कुठलं ते ओळखायचं," बारकी म्हणाली. "काका, या."

काका पुढे झाले, पडद्याला नाक लागेपर्यंत वाकले. "धुकं आहे सगळं. संध्याकाळी उतरेल. तेव्हा बघतो मी सावकाश."

"संध्याकाळी हा लॅपटॉप छापखान्यात हवा. मावशी बघेल की."

"तिला कुठे ठाऊक आहे काय लिहिलंय ते."

"काटा ओळखण्याइतकं ठाऊक आहे मला," मावशी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

पहिल्या दहा फाईली म्हणजे नुसत्या चौकोनांच्या रांगा होत्या. मग एक भाजीची यादी आली, मग विम्याच्या कचेरीला लिहिलेलं जुनं पत्र. सतराव्या फाईलीत काकांची मोठाली अक्षरं दिसली आणि मावशीच्या जिवात जीव आला. पण ती साठाव्या पानाच्या मध्येच तुटली होती. चोविसावी पुरी होती, शेवटच्या पानावरच्या आभारांसकट. मात्र तीन आठवडे जुनी.

"वा," बारकी म्हणाली. "मग काय, सोपं आहे. नवीतली पहिली साठ पानं घ्यायची, पुढची जुनीतली जोडायची. गेल्याच तर पाच-सहा दुरुस्त्या जातील. फक्त साठाव्या पानाशी सांधा नीट जुळतो का बघ."

मावशीनं दोन्ही शेजारी शेजारी लावल्या. सांधा जुळत नव्हता. जुन्या फाईलीत तोच मजकूर एकसष्टाव्या पानावर होता. कुठेतरी एक पान कमी झालेलं होतं. ती मागे मागे येत गेली, एक पान इकडचं, एक तिकडचं, आणि शेहेचाळिसाव्या पानावर तिला ते सापडलं. जुन्या फाईलीत होतं, नव्या फाईलीत नव्हतं. वर लिहिलं होतं, ‘धार तिरकी बसली तर’. काट्याची दांडी ज्या अकीक दगडाच्या कडेवर तोललेली असते तिला धार म्हणतात, हे तिला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

‘एका प्रयोगशाळेत मी धार बदलली आणि ती केसभर तिरकी बसवली. अकरा आठवड्यांनी नेहमीच्या तपासणीला गेलो तेव्हा ध्यानात आलं. मी ती सरळ केली आणि वहीत "साफसफाई" असं लिहिलं. तोवर तिथल्या एका नव्या मुलीची सगळी वजनं चुकली होती. पुढे कळलं की तिचा हात जड आहे असं ठरवून तिला काट्यावरून काढलं आणि नमुने गोळा करायला पाठवलं. मला बोलता आलं असतं. माझा परवाना नवा होता, मी बोललो नाही. त्यानंतर मी तिथे गरजेपेक्षा जास्त वेळा जाऊ लागलो. लोकांनी त्याचा वेगळा अर्थ लावला. तो अर्थ नंतर खरा झाला. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं, दुरुस्तीनंतर दोन्ही पारड्यांतली वजनं अदलाबदल करून पाहिल्याशिवाय उठू नये.’

मावशीनं ते एकदा वाचलं. मग आकडे तपासावेत तसं पुन्हा वाचलं.

बारकीनं काकांकडे पाहिलं, मग मावशीकडे पाहिलं. "मी चहा टाकते," ती म्हणाली आणि आत जाऊन स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

आता मावशीपुढे दोन फाईली होत्या. पहिली साठ पानं नवीतली घेतली की पुस्तक पुरं होत होतं, त्यात ते पान नव्हतंच, आणि तिनं ते वाचलं हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. काकांना त्यांचं पुस्तक मिळालं असतं. तिची चूकही भरून निघाली असती. आज सकाळी ती काही पुसून बसली नसती तर तिनं हा विचार कदाचित आणखी थोडा वेळ केला असता.

"शेहेचाळिसावं पान मी वाचलं," ती म्हणाली.

"हं."

"किती होती चूक?"

काकांनी मान वर केली. या प्रश्नाची त्यांना अपेक्षा नव्हती. "चार दशांश मिलिग्रॅम. उजव्या पारड्यात."

"मला तीन ते पाच येत होती. पाण्याचा नमुना आटवायची बशी नीट वाळली नसेल, ओलावा राहत असेल, असं मी धरलं होतं." तिनं पडद्यावरची ओळ पुन्हा पाहिली. "म्हणजे माझ्या बशा कोरड्या होत्या."

"कोरड्या होत्या."

बाहेर कुणाच्या तरी खिडकीचं दार वाऱ्यानं आपटत होतं. मावशीनं ते दोन-तीनदा आपटू दिलं.

"माझ्याशी लग्न त्यापायी केलंत?"

"नाही. येणं-जाणं त्यापायी होतं. लग्न तू हो म्हणालीस म्हणून झालं. मी तर नाहीच म्हणशील असं धरून आलो होतो, बूटसुद्धा धड पुसले नव्हते."

"हे मला केव्हा सांगणार होतात?"

"पहिल्या वर्षी सांगणार होतो. मग तुला वरची जागा मिळाली नाही, तेव्हा सांगायला तोंड राहिलं नाही. मग वाटलं, आता ती विसरली असेल." त्यांनी उजवा हात डाव्यानं धरला. "ते पान लिहिलं आणि बरं वाटलं. दोन दिवसांनी वाचलं, तर वाटलं, हे मी कुणाला सांगतोय? परक्यांच्या मुलांना. जिचं नुकसान केलं ती आत भाजी चिरतेय आणि मी हे दुसऱ्यांना धडा म्हणून शिकवतोय. म्हणून काढलं. तुला सांगून मग परत घालायचं होतं."

"तीन आठवडे झाले काढून."

"हो. रोज सकाळी ठरवत होतो."

मावशीला राग आला होता, आणि तो नीट ओळखता येईना. ज्या बाईनं तिला वरची जागा दिली नाही ती केव्हाच वारली होती. ज्या मुलीचा हात जड ठरला होता ती तर इथेच बसलेली होती, आणि तिला आत्ता कुठे कळत होतं की तो हात हलका होता. एवढी वर्षं ती प्रत्येक वजन दोनदा करत आली. लोक तिच्या काटेकोरपणाचं कौतुक करायचे. ती मात्र तो पडलेला डाग धूत होती.

"तुम्ही एक चूक केलीत यात," ती म्हणाली.

"एकच?"

"अकरा आठवडे लिहिलंय. काट्याचे अकरा असतील. माझे चौदा होते."

"तुला अकराव्या आठवड्यात काढलं ना?"

"नाही. तुम्ही धार सरळ करून गेलात, आणि माझी वजनं एकदम बरोबर यायला लागली. मला वाटलं, मी सुधारले. त्याच सुमाराला मी वजन घेताना श्वास रोखून धरायला लागले होते. मला वाटलं, त्यानंच झालं. तीन आठवडे एक वजन चुकलं नाही. मी वही घेऊन प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, तीन आठवड्यांचं काय घेऊन बसलीस. आणि काढलं."

काका हळूहळू खुर्चीत पुढे सरकले. "तू अजून रोखतेस श्वास," ते म्हणाले. "स्वयंपाकघरात पीठ मोजतानासुद्धा. मला वाटायचं, तुला दम लागतो. मी डॉक्टरांना पण विचारलं होतं."

"दम नाही लागत मला."

"नाही ना."

चहा झाला होता, पण दार उघडलं नाही. आत बारकी कपबशा विनाकारण धूत असल्याचा आवाज येत होता.

"ते पान ठेवायचं की काढायचं, तू सांगशील तसं," काका म्हणाले. "तुझं आहे ते."

मावशीनं जुनी फाईल पुढे घेतली. शेहेचाळिसावं पान उचलून नव्या फाईलीत त्याच्या जागी बसवलं. बारकीनं शिकवलेलं तेवढं तिला येत होतं. मग ‘साफसफाई’च्या वाक्यानंतर बाण नेऊन ठेवला आणि ओळ मोकळी केली.

"हे अर्धंच आहे," ती म्हणाली. "मुलांना काटा कळेल, पण काट्यावर बसलेलं माणूस कळणार नाही. मधले तीन आठवडे तुम्हाला लिहिता येणार नाहीत. तुम्ही नव्हतात तिथे."

ती लिहायला लागली. दहाही बोटांनी, थांबत थांबत. काका अंदाजानं पडद्याच्या दिशेला तोंड करून बसले होते. त्यांना काही दिसत नव्हतं. नुसता कळांचा आवाज ऐकू येत होता, मध्येच बंद पडणारा आणि पुन्हा सुरू होणारा.

"काय लिहितेस?" त्यांनी बऱ्याच वेळानं विचारलं.

"थांबा," मावशी म्हणाली. "पुरं झालं की वाचून दाखवते."